दोन पौंड पंच्याऐंशी पेन्स

मावशीच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर, तुळशीच्या कुंडीशेजारी, हाताच्या पंजाएवढा एक डिस्प्ले ठेवलेला आहे. घरात त्या दिवशी किती गॅस आणि वीज जळली ते तो पौंडांत दाखवतो. सकाळी उठल्याउठल्याच त्यावर नव्वद-पंच्याण्णव पेन्स दिसतात, कारण काही वापरा न वापरा, रोजचा स्थिर आकार पडतोच. बॉयलर सुरू झाला की आकडे पळायला लागतात. चहा करताना, भाजी चिरताना, फोनवर बोलताना मावशीची नजर सारखी तिकडे जाते.

२०२४ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस मी पश्चिम लंडनमध्ये हाउन्स्लोला तिच्याकडे राहायला गेले. मावशी तेव्हा ८२ वर्षांची होती. काका जाऊन नऊ वर्षं झाली होती. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांचे रेडिएटर तिने बंद करून टाकले होते आणि ती खालच्या एकाच खोलीत राहत होती. दाराच्या फटीशी टॉवेलची गुंडाळी, अंगात दोन स्वेटर, मांडीवर आजीच्या लुगड्यांची गोधडी आणि गोधडीच्या आत गरम पाण्याची रबरी पिशवी. हीटिंग संध्याकाळी सहा ते आठ. आठ वाजले की ती उठून स्वतः बंद करायची. भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये सकाळी १३ अंश दिसले, तेव्हा मी म्हटलं, "मावशी, अगं हे काय चाललंय? तुझे पाय बर्फासारखे पडलेत." ती म्हणाली, "यंदा थंडीचे पैसे नाहीत ना गं आले."

थंडीचे पैसे. ब्रिटनमधल्या मराठी घरांतली म्हातारी माणसं 'विंटर फ्युएल पेमेंट'ला असंच म्हणताना मी ऐकलं आहे. वर्षातून एकदा, नोव्हेंबर-डिसेंबरात, न मागता बँकेत जमा होणारी रक्कम. ८० वर्षांखालच्या पेन्शनरच्या घराला २०० पौंड, ८० वर्षं पूर्ण केलेल्याला ३००. आपल्या पैशांत तीनशे पौंड म्हणजे साधारण ३५ हजार रुपये. पुण्यात बसून ही रक्कम मोठी वाटते. तिथे ती दीड-दोन महिन्यांच्या हिवाळी बिलाची सोय असते.

त्या सबंध हिवाळ्यात मी एकाच प्रश्नाच्या मागे होते: मावशीला हे पैसे का मिळाले नाहीत? उत्तर शोधताना पात्रतेच्या नियमांचं एक जंगल लागलं. त्यात मावशीसारखी लाखो माणसं चुकलेली होती, आणि चूक त्यांची नव्हती.

०

ही योजना आणली लेबर पक्षाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात. पहिल्या हिवाळ्यात बहुतेक पेन्शनर घरांना २० पौंड आणि उत्पन्न-आधारित मदत घेणाऱ्यांना ५० पौंड मिळाले. सन २००० पर्यंत रक्कम २०० वर गेली आणि २००३ पासून ८० वर्षांवरच्यांसाठी ३०० झाली. अट फक्त वयाची होती. पैसा किती, घर कुणाचं, मुलं किती कमावतात, यांतलं काही कुणी विचारत नव्हतं. सप्टेंबरातला एक ठरावीक आठवडा 'पात्रता आठवडा' म्हणून धरायचे. त्या आठवड्यात तुमचं वय झालेलं असलं आणि तुम्ही देशात राहत असलात की पैसे तुमचे.

वयाच्या अटीवरही लढाई झाली होती. सुरुवातीला बायकांना साठीपासून पैसे मिळत आणि पुरुषांना पासष्टीपासून, कारण तेव्हा दोघांचं पेन्शनचं वय तसं वेगवेगळं होतं. टपाल खात्यातून निवृत्त झालेले ६२ वर्षांचे जॉन टेलर न्यायालयात गेले. थंडी बाई-पुरुष पाहून वाजते का, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. १६ डिसेंबर १९९९ ला युरोपियन न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुरुषांनाही साठीपासून पैसे मिळू लागले. पुढे युरोपातल्या उबदार देशांत जाऊन राहिलेल्या ब्रिटिश पेन्शनरांचा प्रश्न आला. तेव्हा सरकारने तापमानाची कसोटी लावली. इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा हा देशातला सर्वांत उबदार भाग. त्याच्यापेक्षा ज्या देशाचा हिवाळा उबदार, तिथल्या पेन्शनरांना २०१५ पासून पैसे बंद झाले. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस आणि चक्क फ्रान्ससुद्धा त्या यादीत गेला.

मग आला २९ जुलै २०२४. निवडणूक जिंकून लेबर पक्षाला महिनाही झाला नव्हता. नव्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी संसदेत सांगितलं की तिजोरीत २२ अब्ज पौंडांचं भगदाड आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये थंडीचे पैसे यापुढे फक्त 'पेन्शन क्रेडिट' किंवा तशीच उत्पन्न-आधारित मदत घेणाऱ्यांना मिळतील. लाभार्थी १ कोटी १४ लाखांवरून १५ लाखांवर येणार होते. १० सप्टेंबरला हा निर्णय रद्द करण्याचा विरोधकांचा प्रस्ताव ३४८ विरुद्ध २२८ मतांनी पडला. पात्रता आठवडा त्यानंतर सहाच दिवसांनी सुरू होत होता.

श्रीमंत पेन्शनरांना सरकारने सरपणाचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. तो विचारल्याबद्दल मी रीव्ह्ज यांना दोष देत नाही. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. गरजू कोण हे ठरवायला त्यांनी जी चाळणी वापरली, ती आधीपासूनच फाटकी होती, आणि ते सरकारला ठाऊक होतं.

०

पेन्शन क्रेडिट म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं उत्पन्न एका किमान रेषेपर्यंत आणून देणारी भर. २०२४-२५ मध्ये ती रेषा एकट्या माणसाला आठवड्याला २१८ पौंड १५ पेन्स आणि जोडप्याला ३३२ पौंड ९५ पेन्स होती. तुमचं पेन्शन त्याच्या खाली असेल तर उरलेली रक्कम सरकार देतं. पण अर्ज करावा लागतो. न मागता मिळत नाही.

इथेच सगळं अडतं. खुद्द सरकारच्या अंदाजाप्रमाणे २०२१-२२ मध्ये पात्र असलेल्यांपैकी ६३ टक्केच लोक ही मदत घेत होते. आठ लाख ऐंशी हजारांपर्यंत घरं पात्र असून बाहेर होती. म्हणजे देशातल्या गरीब म्हाताऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसं सरकारच्या यादीत नव्हतीच, आणि त्याच यादीवर बोट ठेवून थंडीचे पैसे वाटायचं ठरलं. काहींना योजना ठाऊक नव्हती. काहींना ती आपल्यासाठी नाही असं वाटत होतं. छापील अर्जात २४३ प्रश्न आहेत हे त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी मोजून दाखवलं. ज्याला मोतीबिंदू आहे, ज्याचा हात थरथरतो, त्याने २४३ प्रश्न वाचायचे.

आणि लाज. ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको, पण ब्रिटनमध्ये तिची मुळं फार खोल आहेत. तिथलं पहिलं सरकारी वृद्धापकाळ पेन्शन १९०८ च्या कायद्याने आलं आणि १ जानेवारी १९०९ पासून टपाल कचेरीत मिळू लागलं. सत्तरी गाठलेल्याला आठवड्याला पाच शिलिंग. पूर्ण पाच शिलिंगांसाठी वर्षाचं उत्पन्न २१ पौंडांच्या आत हवं आणि वागणूक चांगली हवी. जन्मभर कामचुकारपणा केलेल्याला ते मिळणार नव्हतं. म्हातारपणी पैसे घ्यायचे तर आधी गरिबी आणि मग सभ्यपणा, दोन्ही सिद्ध करून द्यायचं. १९३१ नंतरच्या बेकारीच्या काळात तर 'मीन्स टेस्ट'चे, म्हणजे घरची ऐपत तपासणारे, तपासनीस घरात येऊन कपाटं आणि खुर्च्या बघून जात. मुलगा कमावता असला तर बापाचा भत्ता कापला जाई. ब्रिटिश कामगार वस्तीत 'मीन्स टेस्ट' हा शब्द अजून शिवीसारखा उच्चारतात. १९९७ ची योजना सरसकट ठेवली गेली त्यामागे ही आठवणही होतीच. सगळ्यांना मिळतं तेव्हा कुणालाच खाली बघावं लागत नाही.

मावशीला ही लाज इंग्रजांकडून घ्यावी लागली नव्हती. ती दादरच्या चाळीतून घेऊन गेली होती. १९६८ साली काकांबरोबर गेली. आधी घरी शिवणकाम केलं, मग एका शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढायची नोकरी केली. बटाटे सोलून सोलून उजव्या अंगठ्याचा सांधा कायमचा वाकला. कुणाकडे हात पसरला नाही हे ती सांगते तेव्हा तो वाकलेला अंगठा तिच्या मांडीवर असतो. पेन्शन क्रेडिटचा विषय मी काढला तर म्हणाली, "ते गरिबांसाठी असतं."

०

तिचा हिशेब मी डायनिंग टेबलावर एका कागदावर मांडला. आठवड्याचं मूळ पेन्शन १६९ पौंड ५० पेन्स. (योगायोग असा की त्या वर्षी टीव्हीच्या वर्षभराच्या लायसन्सची फीसुद्धा बरोबर तेवढीच होती.) ऐंशी पूर्ण केल्याबद्दल सरकार देतं ती खास वाढ २५ पेन्स. ही वाढ १९७१ पासून आहे आणि तेव्हापासून एक पेनीनेही वाढलेली नाही. आज त्यात एक केळं येतं. काकांच्या हिश्श्यातून आलेलं जादा पेन्शन ३१ पौंड २५ पेन्स. शाळेच्या नोकरीचं २० पौंड. बेरीज बरोबर २२१ पौंड. बँकेत साठवलेले सात हजार पौंड, ते तिच्या क्रियाकर्मासाठी बाजूला ठेवलेले.

मँचेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने, दादाने, सप्टेंबरातच इंटरनेटवर रेषा पाहिली होती. २१८ पौंड १५ पेन्स. आई २२१ वर. म्हणजे दोन पौंड पंच्याऐंशी पेन्सने वर. संपला विषय. त्याने आईला फोनवर सांगितलं, "आई, आपण बसत नाही त्यात." तीही म्हणाली, "मी म्हटलंच होतं." आठवड्याच्या पावणेतीन पौंडांपायी वर्षाचे तीनशे गेले, आणि घरातल्या तिन्ही शिकल्यासवरल्या माणसांनी ते मान्य करून टाकलं. मीसुद्धा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिला घेऊन जवळच्या वाचनालयात गेले. तिथे हीटिंग चांगलं असतं, म्हणून ती दुपारी जाऊन बसायची, हेही मला तेव्हाच कळलं. एका टेबलापाशी मफलर गुंडाळलेल्या एक वयस्क बाई बसल्या होत्या. लोकांना अर्ज भरायला मदत करणाऱ्या स्वयंसेविका. मी सहज हिशेबाचा कागद पुढे केला. त्यांनी बेरीज पाहिलीच नाही. पहिला प्रश्न मावशीला विचारला: तुमचं पेन्शनचं वय कधी पूर्ण झालं? मावशी म्हणाली, साठाव्या वर्षी, २००२ ला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग तुमचा हिशेब इथे संपत नाही.

पेन्शन क्रेडिटचे दोन भाग आहेत. पहिला तो रेषेपर्यंत भर घालणारा. दुसऱ्याचं नाव 'सेव्हिंग्ज क्रेडिट'. थोडीफार बचत करून, थोडं नोकरीचं पेन्शन जमवून जी माणसं रेषेच्या जरा वर आली, त्यांना त्या काटकसरीचा तोटा होऊ नये म्हणून हा भाग ठेवला होता. ६ एप्रिल २०१६ च्या आधी ज्यांचं पेन्शनचं वय झालं त्यांनाच तो लागू आहे. नवीन लोकांसाठी बंद झाल्याने त्याचा गाजावाजा नाही. एकच रेषा डोळ्यांसमोर ठेवून आम्ही विषय मिटवला होता, ही दुसरी खिडकी दिसलीच नव्हती.

त्या वर्षी एकट्या माणसासाठी सेव्हिंग्ज क्रेडिट १८९ पौंड ८० पेन्सच्या वरच्या उत्पन्नावर सुरू होत होतं आणि जास्तीत जास्त १७ पौंड १ पेनी मिळत होतं. उत्पन्न मुख्य रेषेच्या जितकं वर, त्याच्या ४० टक्के त्यातून वजा. मावशी २ पौंड ८५ पेन्सने वर. ४० टक्के म्हणजे १ पौंड १४ पेन्स. उरले आठवड्याला १५ पौंड ८७ पेन्स. वर्षाचे सव्वाआठशे पौंड. शिवाय हे क्रेडिट एका पेनीचं जरी असलं तरी ते पेन्शन क्रेडिटच. म्हणजे थंडीचे ३०० पौंड मिळणार. पंच्याहत्तरीच्या पुढची असल्याने टीव्हीचं लायसन्स माफ. ही माफी २०२० पर्यंत सगळ्याच पंच्याहत्तरीच्या लोकांना होती, तीही याच चाळणीखाली गेली. सलग सात दिवस सरासरी तापमान शून्यावर किंवा त्याच्या खाली गेलं तर प्रत्येक वेळी २५ पौंड वेगळे. ज्या एका कागदाला ती गरिबांचा म्हणत होती, त्याच्या मागे एवढ्या गोष्टी बांधलेल्या होत्या.

मुदत होती २१ डिसेंबरची. अर्ज तीन महिने मागे नेता येतो, पण त्याहून मागे नाही, आणि पात्रता आठवडा २२ सप्टेंबरला संपला होता. आम्ही १२ तारखेला फोनवर अर्ज केला. मावशीने तिचा राष्ट्रीय विमा क्रमांक कागद न बघता, पाढे म्हणावेत तसा सांगितला. जानेवारीच्या अखेरीस पत्र आलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं, आणि त्या रात्री हीटिंग दहापर्यंत चालू राहिलं.

०

मावशीचं काम झालं ते माझ्या हुशारीने नाही. ती दुपारची ऊब शोधत ज्या वाचनालयात गेली तिथे योग्य बाई बसल्या होत्या म्हणून झालं. ज्यांना तशी बाई भेटली नाही त्यांचं काय? जुलैच्या घोषणेनंतरच्या १६ आठवड्यांत पेन्शन क्रेडिटसाठी दीड लाख अर्ज आले, आधीच्या १६ आठवड्यांच्या जवळजवळ अडीच पट. तरीही लाखो घरं बाहेरच राहिली. नोव्हेंबरात पेन्शन खात्याच्या मंत्री लिझ केंडल यांनी संसदीय समितीला पत्र लिहून कबूल केलं की या निर्णयाने त्या वर्षी आणखी ५० हजार पेन्शनर सापेक्ष दारिद्र्यात जातील आणि पुढे हा आकडा लाखावर जाईल. हा अंदाज मतदानाच्या आधी खासदारांसमोर ठेवायला हवा होता. या बाबतीत सरकारला माफ करता येत नाही.

थंडी ही तिथे गैरसोयीपुरती नसते. गारठ्यात रक्तदाब चढतो, रक्त दाट होतं. हृदयविकार, पक्षाघात आणि छातीचे आजार हिवाळ्यात वाढतात. घरात किमान १८ अंश तापमान ठेवा, असं तिथली आरोग्य यंत्रणा सांगते. आणि घरं जुनी, युरोपातल्या सर्वांत जुन्या घरांत मोडणारी. मावशीच्या घरात १३ अंश होते.

मराठी आणि एकूणच भारतीय घरांत हे नियम आणखी वेगळ्या तऱ्हेने बोचतात. पेन्शन क्रेडिटच्या हिशेबात राहतं घर धरत नाहीत, पण दुसरी मालमत्ता धरतात, मग ती कुठल्याही देशात असो. कोथरूडला भावाच्या नावाबरोबर आपलं नाव लागलेला फ्लॅट, गावाकडच्या घरातला वाटा, हे सगळं भांडवलात येतं. दहा हजार पौंडांवरच्या दर पाचशे पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असं मानतात. समजा तुमच्या वाट्याची किंमत ४० हजार पौंड ठरली. प्रत्यक्षात त्यातून एक रुपया येत नसला तरी कागदावर तुमचं उत्पन्न आठवड्याला ६० पौंडांनी वाढतं. ज्या वाड्यावरून भावंडांत तीस वर्षं बोलणं नाही, तो लंडनच्या थंडीत आडवा येतो. मालमत्ता लपवावी असं मी चुकूनही सुचवत नाही. तो गुन्हा आहे आणि पैसे अब्रू घेऊन परत जातात. पण वादात अडकलेल्या वाट्याची खरी बाजारकिंमत फार कमी असू शकते. ती मांडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो वापरला पाहिजे.

दुसरी गोष्ट वयाच्या अंतराची. आपल्या जुन्या जोडप्यांत नवरा आठ-दहा वर्षांनी मोठा असणं सर्रास होतं. १५ मे २०१९ पासून नियम असा की जोडप्यातल्या दोघांचंही पेन्शनचं वय झाल्याशिवाय नव्याने पेन्शन क्रेडिट मागता येत नाही. तोवर 'युनिव्हर्सल क्रेडिट' मागायचं, जे कामाच्या वयातल्या लोकांसाठी आहे. २०२५-२६ मध्ये जोडप्याची पेन्शन क्रेडिटची रेषा महिन्याला सुमारे दीड हजार पौंडांवर जात होती. युनिव्हर्सल क्रेडिटची मूळ रक्कम ६२८ पौंड होती. नवरा सत्तरचा आणि बायको साठीची असेल, तर ती सदुसष्टची होईपर्यंत दोघांनी त्या फरकात जगायचं.

आणि तिसरी गोष्ट, जी ऐकून मावशी पहिल्यांदा रडली. पेन्शन क्रेडिट घेणारा माणूस देशाबाहेर चार आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर मदत थांबते. २०१६ च्या जुलैआधी ही मर्यादा तेरा आठवड्यांची होती. जवळच्या माणसाचा मृत्यू झाला तर आठ आठवड्यांपर्यंत सवलत मिळू शकते, आणि उपचारांसाठी त्याहून जास्त. पण भाऊ आजारी आहे, त्याच्याजवळ बसायचं आहे, हे कारण त्यात बसत नाही. मावशी दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत दोन महिने पुण्याला माझ्या आईकडे यायची. तिच्या सांध्यांना त्याच्याइतकं दुसरं औषध नव्हतं. त्या फेब्रुवारीत ती सव्वीस दिवसांसाठी आली. गच्चीवर उन्हात बसून माझ्या आईशी बोलताना ती बोटांवर दिवस मोजायची.

कायमचं परत यावं, तर तेही सोपं नाही. ब्रिटनमध्ये जन्मभर काम करून भारतात राहायला आलेल्या माणसाचं सरकारी पेन्शन गोठतं. येताना जेवढं असेल तेवढंच मरेपर्यंत. अमेरिकेत राहणाऱ्याला दर वर्षीची वाढ मिळते, भारतात राहणाऱ्याला मिळत नाही. आणि थंडीचे पैसे अर्थातच नाहीत.

०

राजकारणाने पुढे कूस बदलली. २०२५ च्या १ मे रोजी झालेल्या स्थानिक निवडणुकांत लेबर पक्ष सपाटून हरला आणि त्याच दिवशीच्या रनकॉर्नच्या पोटनिवडणुकीत अवघ्या ६ मतांनी रिफॉर्म पक्षाने त्यांची जागा घेतली. दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांनी थंडीच्या पैशांचा राग ऐकून येऊन सांगितला. २१ मे रोजी पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी फेरविचाराची घोषणा केली आणि ९ जूनला रीव्ह्ज यांनी नवा नियम जाहीर केला. त्या वर्षीच्या हिवाळ्यापासून पेन्शनच्या वयाच्या सगळ्यांना पैसे मिळतील. ज्यांचं करपात्र उत्पन्न वर्षाला ३५ हजार पौंडांपेक्षा जास्त आहे, त्यांच्याकडून ते करखातं वसूल करून घेईल. इंग्लंड-वेल्समधले सुमारे ९० लाख लोक पैसे राखतील, सुमारे २० लाख परत करतील. सरकारची बचत मूळच्या दीड अब्जांच्या जागी ४५ कोटी पौंडांच्या आसपास राहील.

नव्या नियमातही खोट आहे. ३५ हजार ही मर्यादा माणशी आहे, घराची नाही. नवरा-बायको दोघांचं प्रत्येकी ३४ हजार असेल तर घरात सगळे पैसे राहतात. एकट्या विधवेचं ३५ हजारांवर एक पौंड गेलं तर सगळे जातात. तरीही हा नियम मला आधीच्यापेक्षा पुष्कळ चांगला वाटतो, आणि त्याचं कारण हिशेबात नाही. तो म्हाताऱ्या माणसाला काही विचारत नाही. उत्पन्नाची माहिती करखात्याकडे आधीच आहे. ज्याच्याकडे माहिती आहे त्यानेच तपासणी करावी आणि जास्त असेल त्याच्याकडून परत घ्यावं. २०२४ च्या नियमात श्रीमंताला काहीच करावं लागत नव्हतं, गरिबाला २४३ प्रश्न होते. नव्या नियमात गरिबाला काही करावं लागत नाही. मदतीच्या कुठल्याही योजनेकडे बघताना मी आता रक्कम नंतर बघते. आधी बघते की कागद गोळा करायला कुणाला पळायला लावलंय.

आपल्या श्रावणबाळ योजनेसाठी वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला काढायला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत फिरणारी म्हातारी माणसं मी जुन्नरकडे पाहिली आहेत. त्यांच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी आणि मावशीचं देव्हाऱ्याच्या फळीवरचं पत्र यांत मला फरक दिसत नाही.

थंडीचे पैसे आता मावशीला न मागता मिळतात. पण पेन्शन क्रेडिटच्या दाराआड अजून बरंच काही आहे: टीव्ही लायसन्स, कौन्सिल टॅक्समधली सूट, गारठ्याच्या आठवड्यांचे पैसे, आणि दर आठवड्याची ती भर. त्या दाराशी अजूनही अर्ज करावाच लागतो. २०२५-२६ मध्ये एकट्या माणसासाठी रेषा २२७ पौंड १० पेन्स होती. आत्या, काका, मावशी, जुने शेजारी, कुणीतरी बहुतेक मराठी घरांतून ब्रिटनला गेलेलं आहे आणि आता म्हातारं झालं आहे. दिवाळीत त्यांना फोन कराल तेव्हा फराळाचं विचारून झालं की हेही विचारा: घरात किती अंश आहेत? पेन्शनचं वय २०१६ च्या एप्रिलआधी झालं का? पेन्शन क्रेडिटचा अर्ज केला का? "आपण बसत नाही त्यात" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, जवळच्या सल्ला केंद्रात एकदा बसून हिशेब करून घ्यायला सांगा. अर्ज फार तर तीन महिने मागे नेता येतो. त्याआधीचे पैसे गेले ते गेले.